न्हाणीखालचं ऊन

यंत्रानं तुळसा विटकरचं घर सहा महिन्यांचं ठरवलं.

“सहा महिने?” तुळसा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आन पस्तीस वर्षं मी इथं काय पाहुणी म्हणून भाकरी थापत हुते व्हय?”

वसाहत पडताळणीचे अधिकारी दहिफळे यांनी हातातला पडदा तिच्याकडे वळवला. “मी म्हणत नाही, बाई. तुमची भिंत म्हणतेय.”

“घ्या! भिंतीला वाचा फुटली आन पहिलाच शब्द खोटा,” शेजारचा शिवाप्पा धोत्रे म्हणाला. “सरकारी हात लागला न्हवं तिला.”

लोक हसले, पण ते हसू गळ्याखाली उतरलं नाही. तेरखाणीच्या वडारवस्तीत घरं बासष्ट. आठवडाभरात एकसष्ट घरांच्या भिंती मोजून झाल्या होत्या आणि सगळ्यांनी हाच आकडा दिला होता. तुळसाचं घर शेवटचं होतं. आता संध्याकाळी पाचला दहिफळे अहवालावर सही करणार, एकदा सही झाली की फेरमोजणी नाही, आणि सोमवारी बुलडोझर येणार. खाणीच्या पठारावर मालवाहू ड्रोनांचा तळ व्हायचा होता. त्याच्या नकाशात तेरखाणीच्या जागी ‘मोकळी जागा’ असं छापलेलंसुद्धा होतं. माणसं उठायच्या आधीच नकाशातून उठली होती.

ही गोष्ट दोन हजार एकेचाळीसच्या मार्चमधली. त्याआधीच्या दहाएक वर्षांत कागदाची पार अब्रू गेली होती. रेशनकार्ड, वीजबिल, सातबारा, जुना फोटो, उपग्रहानं वरून काढलेलं चित्र, जे पाहिजे ते संगणक पाच मिनिटांत बनवून देत होता, आणि खऱ्याखोट्यातला फरक दुसऱ्या संगणकालाही कळत नव्हता. शेवटी न्यायालयांनी हात टेकले. मग स्थलवय कायदा आला. यापुढे कोण कुठं कधीपासून राहतो याचा पुरावा एकच, तो म्हणजे राहती जागा. एक जानेवारी दोन हजार दहाच्या आधीचं बांधकाम असेल तर वस्ती कायम, नंतरचं असेल तर अतिक्रमण. ‘कागद फितूर होतो, माती होत नाही’ असं त्या कायद्याच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. वाचायला झकास. पण ज्यांच्याकडे कधी कागद नव्हता त्यांच्याकडे बहुतेकदा मातीही नसते, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्याच्या बंगल्याभोवती बाग असणार.

मातीचं वय काढणाऱ्या यंत्राला वस्तीतल्या बाया ‘भिंतीची सोनोग्राफी’ म्हणत. ते चालवणारी पोरगी होती आफरीन मुजावर, मिरजेची, तीस-बत्तिशीची वास्तुविशारद. कायद्यानं प्रत्येक मोजणीला एक वास्तुपंच नेमावा लागे. सरकारचा नाही, वस्तीचा नाही, घराचा पंच. आकडे बघून तिचंही तोंड उतरलं होतं. तुळसानं तिला तांब्याभर पाणी दिलं आणि सरळ विचारलं, “पोरी, तुझं मशीन येडं हाय का आमी?”

आफरीन उंबऱ्यावर बसली. “मशीन येडं नाही, मावशी. बघा, मातीत बारीक कण असतात. आजूबाजूच्या दगडातून अगदी हलका किरणोत्सर्ग सतत चालू असतो, त्यातली थोडी थोडी ताकद त्या कणांत साठत जाते. गळक्या नळाखाली गाडगं ठेवावं, तसं. थेंब थेंब पडतो, गाडगं भरत जातं. पण त्या कणाला ऊन लागलं की गाडगं उपडं! सगळं रिकामं, पुन्हा पहिल्यापासून. माझं यंत्र गाडग्यात किती साठलंय ते बघतं आणि सांगतं, या मातीनं शेवटचं ऊन कधी पाहिलं. पूर्वी याला गारगोटीची वाळू लागायची, आपल्या काळ्या पाषाणात ती कुठली? आता काळ्या दगडाच्या कणांचंही वाचता येतं.”

“शेवटचं ऊन,” तुळसा म्हणाली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. “आगं आई गं. दसरा!”

“काय झालं?”

“दर दसऱ्याला आमी भितीचं लिंपण खरवडतो. समदं. मग अंगणात पसरून चार दिस उन्हात वाळवतो, कुटतो, शेण घालून परत तेच लिंपतो. चुलीचंबी तसंच.”

“तीच माती? दरवर्षी?”

“मग दुसरी कुठनं आणू? खाली बघ की. कातळ हाय. माती चार कोसांवर तळ्यात, तिथं हात लावला तर दंड. सासूनं आणलेली माती हाय ही. पस्तीस दसरे तीच फिरवतेय.”

आफरीननं डोळे मिटले. असलं काही तिच्या पुस्तकात नव्हतं. वडारांची घरं कोरड्या रचलेल्या दगडांची, सांध्यात माती नाही. पाया खोदलेला नाही, कारण खाली सबंध कातळ. माती म्हणून जी काय होती ती भिंतीवर बोटभर जाडीची, आणि ती माती या बाया दरवर्षी निगुतीनं उन्हात घालून तिचं वय पुसून टाकत होत्या. गबाळ्या असत्या तर वाचल्या असत्या. टापटिपीनं घात केला.

“हे मी लिहीन,” आफरीन म्हणाली.

दहिफळे मागं उभे होते. “लिहा ना. कायद्यात रकाना आकड्याचा आहे, कहाणीचा नाही.”

“साहेब, पाच वाजायला अजून सहा तास आहेत.”

“मी कुठं नाही म्हणतोय? शोधा.” ते झाडाखालच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि फोन काढला. तसा माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं पूर्वी लागायची, आता नुसता रकाना पुरतो.

आफरीननं आठवडाभरात काढलेला नकाशा अंगणात पसरला. बायामाणसं वाकून बघू लागली. “हे बघा. बासष्ट घरं म्हणतात, पण बांधकाम एकच आहे. प्रत्येक घराला तीनच भिंती स्वतःच्या, चौथी शेजाऱ्याची.”

“दगुड फुकट घालवायचा न्हाई,” शिवाप्पा म्हणाला. “फोडायला जीव जातो.”

“त्यानंच तुम्हाला वाचवलं तर वाचवलं. कायद्यात एकमेकांना टेकलेली घरं एकच वास्तू धरतात. मला बासष्ट घरांत एक मूठ जुनी माती पुरे. फक्त एक मूठ, जिनं दोन हजार दहानंतर ऊन पाहिलेलं नाही. आहे का कुठं?”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पुरुषांनी जमिनीकडे. वस्तीबाहेरच्या माणसाला ही गोष्ट सांगायची नसते. शेवटी गंगव्वा बोलली. नव्वदीला टेकलेली, वस्तीची जुनी सुईण. निम्म्या वस्तीनं पहिला श्वास तिच्या हातावर घेतलेला.

“न्हाणीत हाय,” ती म्हणाली.

“न्हाणीत?”

“लेकरू झालं की त्याची वार पुरायची. रानात न्हाई, कोल्ही-कुत्री उकरत्यात. न्हाणीत कातळाला हातभर खड्डा मारायचा. गाडग्यात वार, मीठ, हळद. वर माती. रातच्याला बाळंत झाली तरी पुरायचं दुसऱ्या दिशी दुपारी. माती आधी सकाळधरनं उन्हात पसरायची. लेकराला सूर्य दावत्यात पाचव्या दिशी, मातीला दावत्यात पहिल्या दिशी. मग बापानं सवताच्या हातानं एक फरशी घडवायची आन वर बसवायची. ज्याचा दगुड त्याचा. आमची न्हाणी अशीच वाढत जाती. दवाखान्यातली बाळातपणं सुरू झाली तवा बंद पडलं.”

आफरीनला उमगलं. वर्षानुवर्षं ही माणसं आपल्या लेकरांच्या जन्मतारखा उन्हानं कोरून दगडाखाली झाकून ठेवत आली होती, आणि सरकार त्यांच्याकडे दाखला मागत होतं.

“आजी, मग ते दगड...”

“उचलायचे न्हाईत,” गंगव्वा म्हणाली. “माणूस जिता हाय तवर त्याचा दगुड हलवायचा न्हाई. त्याचं घर सुटतं. आन मेल्यावर ठिवायचा न्हाई. उखडून खाणीच्या पाण्यात सोडायचा. न्हाईतर मेलेलं मागल्याला वढतं.”

मग शिवाप्पा पुढं झाला. “माझा उचला. शहाऐंशी सालचा हाय. घर तर सोमवारी तसंबी सुटतंयच की.”

त्याची बायको रेणुका पदर खोचून आडवी आली. “उचलून बघा! तुमास्नी काय झालं म्हंजे?”

“मला काय झालं तर वस्तीला माझं नाव द्या. शिवाप्पानगर. बरं वाटतंय कानाला.”

“जळलं तुमचं नाव!” ती म्हणाली, पण बाजूला झाली.

न्हाणीवर काळी ताडपत्री टाकली, आत लाल दिवा लावला. लाल उजेडाचा कणांवर परिणाम होत नाही. पहारीनं दगड उचलला, नळी खुपसून चिमूटभर माती घेतली, यंत्रात घातली. चाळीस मिनिटं सगळी वस्ती शिवाप्पाच्या दारात उभी होती. आकडा आला. बारा वर्षं.

“बारा?” शिवाप्पा ओरडला. “मी काय बारा वर्साचा हाय व्हय?”

तुळसालाच आधी उमगलं. बारा वर्षांपूर्वी, एकोणतीस साली, ‘घरोघरी न्हाणीघर’ योजना आली होती. ठेकेदाराची माणसं ब्रेकर घेऊन आली आणि दोन दिवसांत वस्तीतल्या न्हाण्या फोडून नळ घालून गेली. बाया रडल्या, पण सरकारी काम. खालची माती वर आली, उन्हात पडली, परत आत लोटली. बायांनी दगड आपापल्या जागी पुन्हा बसवून घेतले, वर ठेकेदाराच्या गुळगुळीत लाद्या. त्या लाद्या पहिल्याच पावसाळ्यात उखडल्या. नळाला पाणी आलं नाही ते नाहीच.

“सगळ्यांची फोडली का?” आफरीननं घाबरून विचारलं.

“आमची सोडून,” तुळसा म्हणाली.

हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्या दिवशी तुळसाचा नवरा हणमाप्पा पहार घेऊन न्हाणीच्या दारात बसला होता. एरवी दोन शब्द बोलायला जड जाणारा माणूस, पण ठेकेदाराला म्हणाला, आधी माझी मुंडी फोडा, मग फरशी. शेवटी नळ घराला वळसा घालून नेला. लोक महिनाभर हसत होते. तुळसा तर वर्षभर टोमणे मारत होती, की बायकोसाठी कधी असं उठला नाहीत, दगडासाठी उठलात.

आफरीनचा चेहरा उजळला. “मग तुमच्या न्हाणीत कोणाचा दगड आहे?”

“मल्लेशचा. माझ्या पोराचा. हैद्राबादला हाय साइटवर.”

“जन्म?”

“अकरा साल.”

आफरीननं मान खाली घातली. एका वर्षानं हुकलं होतं.

“ह्यांचा जलम वाटेवरचा, पालातला,” तुळसा बोलत राहिली. तिचा आवाज चढत चालला. “सासऱ्याचाबी तसाच. आमच्या न्हाणीत एकच दगुड कामाचा हुता, पोरी. सात सालचा. माझ्या लेकीचा. ती गेली सव्वादोन वर्साची हून. तापानं. मी ह्यांच्या पायावर डोकं आपटलं, म्हणलं दगुड ठिवा. तेवढाच हाय. पर ह्यांचा बाप म्हणला उखड, आन ह्यांनी उखडला. डोक्यावर घिऊन गेले आन खाणीत टाकला. आवाज आला मला हितवर. बत्तीस वर्सं तो आवाज ऐकतेय मी!”

बायांनी तोंडाला पदर लावले. बत्तीस वर्षांत तुळसानं लेकीचं नाव नवऱ्यासमोर एकदाही घेतलं नव्हतं. दोघं एका साइटवर राबली, एका ताटावर नसली तरी एका चुलीवर जेवली, पोराचं लग्न केलं. पण बोलणं सिमेंट, खडी, मीठ, मिरचीपलीकडे गेलं नाही. वाईट नव्हता संसार. मुका होता.

हणमाप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, हातात धरलं, परत डोक्यावर ठेवलं.

“हाय,” तो म्हणाला.

“काय हाय?”

“दगुड. हितंच हाय.”

सगळ्या माना वळल्या. तुळसा मात्र हलली नाही.

“त्या दिशी गेलो पहार घिऊन,” हणमाप्पा म्हणाला. “बसलो. हात लागंना. दारापुढची फरशी हुती न्हवं, पाय धुवायची, ती उचलली आन डोक्यावर घेतली. तीच टाकली खाणीत. अंधार पडाय लागला हुता, बा बघत हुता, त्याला काय दिसतंय? मग हितं बसून लेकीच्या दगडाचं वरचं तोंड बदललं. तीन दिस टाकी-हातोडा चालवला. बाला सांगितलं, नवा दगुड बसवलाय. तो बसला विश्वासून.”

“तुमी बोलताय काय?” तुळसाचा आवाज एकदम बारीक झाला.

“खरं बोलतोय.”

“बत्तीस वर्सं?”

“बा हुता तवर बोलता येत न्हवतं. त्यानं दुसऱ्याच दिशी उखडला असता. बा मेला तवर धा वर्सं झाली. मग म्हणलं आता सांगावं, तर तोंड व्हईना. रोज म्हणलं उद्या.”

तुळसा आत गेली. आफरीन मागं निघाली तर गंगव्वानं तिचा हात धरून थांबवलं. थोड्या वेळानं आतून हाक आली, “पोरी, बॅटरी आण गं.”

न्हाणीत तुळसा दगडावर ओणवी झाली होती. वडाराच्या घरची बाई माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही, टाकीच्या घावावर ठेवते. तिनं बॅटरी जमिनीलगत आडवी धरली, तसे घाव वर आले. मल्लेशच्या दगडाचे घाव त्याच्या कडेला संपत होते. पण शेजारच्या या दगडाचे घाव कडेला संपत नव्हते. त्याच्या दुसऱ्या अंगाला जुनी चौकोनी फरशी होती, सासऱ्यानं घर बांधतानाची. एक घाव या दगडावरून सुटून सांधा ओलांडून त्या जुन्या फरशीवर चार बोटं सरकलेला होता. दुसराही तसाच. तिसऱ्याची टाकी निसटून सांध्याची कड उडालेली.

दगड बाहेर ठेवून घडवला असता तर टाकी शेजारच्या दगडावर गेली नसती. बसलेल्या जागीच त्याचं तोंड बदललेलं होतं. हात थरथरत असलेल्या माणसानं. हणमाप्पासारख्या कारागिराची टाकी तीनदा निसटली होती.

तुळसानं त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. बत्तीस वर्षं ती इथं आंघोळ करत होती. इथंच तिनं मल्लेशला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं. भांडी घासली, कपडे आपटले, आणि खाणीच्या बाजूला तोंड करून रडली. पोरगी खाणीत नव्हती. पायाखाली होती, पहिल्यापासून.

ती उठून बाहेर आली आणि हणमाप्पासमोर उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता हात उचलते. तिनं उचललाही. मग तो तसाच खाली आला आणि ती म्हणाली, “पहार घ्या. बघताय काय? पाच वाजतील.”

ताडपत्रीखाली तिघंच गेली. बाहेर फाल्गुनाचं ऊन धबाधबा कोसळत होतं आणि आत लाल अंधार. आफरीननं सांगितलं, दगड बोटभरच उचला, उजेडाचा कणही आत जाता कामा नये. हणमाप्पानं पहार लावली. तुळसानं दगडाची दुसरी कड धरली, कोणी सांगितलं नव्हतं. दगड सुटताना ओला, जुना आवाज झाला. आतून मातीचा थंड वास आला. आफरीनची नळी सरकत गेली आणि कशाला तरी टेकून थांबली.

“गाडगं हाय,” तुळसा कुजबुजली. “त्याला लावू नगं.”

“नाही लावत, मावशी. वरची चिमूट पुरे.”

दगड पुन्हा बसला. हणमाप्पानं तो तळहातानं दाबला, मग तसाच हात ठेवून बसला. त्याचे खांदे हलत होते. तुळसानं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मग तिनं पदराचं टोक काढून त्याच्याकडे टाकलं. “तोंड पुसा. भाईर लोकं हायत.”

यंत्राची चाळीस मिनिटं सगळ्यांनी उभ्यानं काढली. दहिफळे खुर्ची सोडून आले होते. शिवाप्पाची विनोदबुद्धीसुद्धा आटली होती. गंगव्वा बोटांवर काही मोजत होती. पाच वाजायला पन्नास मिनिटं असताना पडदा उजळला.

आफरीननं आकडा वाचला. पुन्हा वाचला. “चौतीस वर्षं,” ती म्हणाली, “एक वर्ष इकडे किंवा तिकडे. दोन हजार सात. वाईटात वाईट धरलं तरी आठ.”

“म्हंजे?” रेणुकानं विचारलं.

“म्हणजे हे घर कायम. त्याला टेकलेली एकसष्ट घरंही कायम.”

आधी कोणालाच कळलं नाही. मग शिवाप्पानं बायकोला उचललं, आणि तिनं भर वस्तीत त्याच्या डोक्यात टपली हाणली, तेव्हा कळलं. पोरं ओरडत सुटली. कोणीतरी हलगी काढली. गंगव्वानं हणमाप्पाला जवळ बोलावलं. हलगी थांबली, कारण त्यानं रीत मोडली होती.

“मेलेलं मागल्याला वढतं,” गंगव्वा म्हणाली. “मी सांगितलेलं हाय ते. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुमास्नी.” ती थांबली. “वढलं खरं. बुलडोझरखालनं समद्यास्नी मागं वढलं.” आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दहिफळ्यांनी नळीतली दुसरी चिमूट घालून पुन्हा मोजणी करायला लावली. नियमच होता. तोच आकडा आला. त्यांनी नकाशावरच्या ‘मोकळी जागा’ या शब्दांवर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली. त्यांना वाईट वाटलं की बरं, ते त्यांचं त्यांना माहीत. पण सही करताना त्यांनी एक लांब श्वास सोडला, तो आफरीननं ऐकला.

“वस्तीची नोंद उघडायची आहे,” ते म्हणाले. “पहिल्या रकान्यात सर्वांत जुना पुरावा ज्याचा, त्या रहिवाशाचं नाव लागतं. जिवंत, मयत, काही अट नाही. सांगा.”

तुळसानं तोंड उघडलं, पण शब्द येईना. बत्तीस वर्षं गिळलेला शब्द. तेवढ्यात शेजारून खरखरीत आवाज आला.

“सोनकी,” हणमाप्पा म्हणाला. “सोनकी हणमाप्पा विटकर.”

“वय?”

“दोन वर्सं, चार महिने, अकरा दिस.”

तुळसा त्याच्याकडे बघत राहिली. दिवस तिनंही मोजले होते. आपण एकटीच मोजतोय असं तिला वाटत होतं.

दहिफळ्यांची गाडी धूळ उडवत गेली. आफरीन यंत्र आवरून चहाला थांबली. शिवाप्पाच्या दारात हलगी कडाडत होती. आणि तुळसा अंगणात उभी राहून नवऱ्याला फैलावर घेत होती.

“न्हाणी हलवा. आजच्या आज. माझ्या लेकीच्या अंगावर ह्याच्या म्होरं साबणाचं पाणी पडायचं न्हाई.”

“आता? ऊन कलतंय, तुळसा.”

“बत्तीस वर्सं उद्या-उद्याच केलंत न्हवं? आन हितं काय उभे ऱ्हायलाय, दोरी आणा की.”

हणमाप्पा दोरी घेऊन आला, घराच्या मागच्या अंगाला खुंटी ठोकू लागला.

“तिथं नगं. तिथं वारं लागतं.”

तो दोन हात सरकला.

“तिथं रेणुकेच्या दारातनं दिसंल.”

“मग कुठं ठोकू?”

“मला काय इचारता? तुमी गवंडी का मी?”

“तू,” हणमाप्पा म्हणाला आणि हातोडा तिच्याकडे केला. तुळसानं तो घेतला, पदर खोचला, आणि जागा दाखवायला पुढं झाली. बोलत बोलत. तिचं बोलणं काही थांबेना, आणि त्याला ते थांबायला नको होतं.